नमनाचं तेल

आमच्या मालाताईंना दम म्हणून नव्हता. चहा उकळायच्या आत गाळायच्या, पाहुणा टेकायच्या आत "काय काम काढलंत?" विचारायच्या आणि लग्नाला गेल्या की अक्षता पडायच्या आधी पंगत कुठे बसणार ते बघून यायच्या. विजयमाला हे त्यांचं पूर्ण नाव, पण एवढं लांब नाव त्यांनी स्वतःसुद्धा कधी सांगितलं नाही. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. बिबवेवाडीला एकाच इमारतीत आम्ही राहायचो, त्या तळमजल्यावर आणि मी वरती. मनानं बाई सोनं होती, उगाच कशाला खोटं बोलू? पण आपण काही सांगायला लागलो की दुसऱ्याच वाक्याला त्यांचं ठरलेलं असायचं, "बरं, पुढे?" या "पुढे"पायी मी त्यांना माझ्या बाळंतपणाची हकीकत आजतागायत धड सांगू शकलेले नाही.

त्यांची नोकरीच तसली होती. पिंपरीच्या एका कारखान्यात त्या टेलिफोन ऑपरेटर. ट्रंक कॉलच्या काळात कामगाराला गावचा फोन जोडून द्यायचा आणि तीन मिनिटं होत आली की मध्येच शिरून "वेळ संपली" म्हणून सांगायचं, हे त्यांनी उभी हयात केलं. घरी येऊन मला सांगायच्या, "मुक्ते, आज एकाला गावाहून फोन आला. हा आपला विचारतोय, पाऊस झाला का, म्हैस व्याली का, धाकटीचा ताप उतरला का. मी इकडे म्हणतेय, अरे बाबा, मुद्द्यावर ये! शेवटी मी 'वेळ संपली' म्हणायला आणि पलीकडून त्याचा भाऊ 'आई गेली रे' म्हणायला एकच गाठ. आता हे आधी सांगायला काय झालं होतं? मेलं नमनालाच घडाभर तेल!"

मग देशात सगळं खुलं झालं. गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ आले, कारखान्यात इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसलं, ज्याचा तो नंबर फिरवायला लागला आणि मालाताईंच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद पडला. "इच्छा त्यांची, निवृत्ती माझी," एवढंच म्हणाल्या. भाऊजी आधीच गेलेले, मूलबाळ नाही. महिनाभर त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन मला घाई करत राहिल्या, तेव्हा मीच हात जोडले. म्हटलं, "अहो, तुमचा आवाज इतका खणखणीत आहे, अंध मुलांना पुस्तकं वाचून दाखवा की." तेवढंच माझ्या फोडणीला स्वास्थ्य.

असा श्याम आमच्याकडे आला. यवतमाळकडचा मुलगा, जन्मापासून न दिसणारा, एम.ए.ला मराठी घेतलेला. येरवड्याला दोघा मित्रांबरोबर खोली करून राहायचा. काठी आपटत तो दारात आला की मालाताईंचा चेहरा असा काही फुलायचा की विचारू नका. त्या कॅसेटवर पुस्तक वाचून ठेवायच्या, तो ती घेऊन जायचा. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "मोठ्या काकू, बाकीचे वाचतात तं मी घोरतो जी. तुम्ही वाचता तं झोपच येत नाही." झालं! बाई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या, त्या उतरायलाच तयार नाहीत.

झोप कशी येईल? त्या वाचायच्याच मुळी निम्मं. मी शेजारी बसलेली असायची, कुकरची शिट्टी झाली किंवा भाजीवाला ओरडला की रेकॉर्डरचं बटण दाबायला. श्यामला अभ्यासाला एक जाडजूड कादंबरी होती, नदीकाठच्या एका गावची. मालाताई वाचता वाचता जीभ बोटाला लावायच्या आणि पानं उलटायच्या ती एकदम तीन तीन.

"अहो, मधलं राहिलं," मी म्हणायची.

"नदी होती. वाहते. कळलं त्याला."

"आणि ती संध्याकाळ?"

"रोज होते."

त्या कादंबरीत महिपती म्हणून एक बाप आहे. त्याची लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी यायची असते आणि तो नदीवर नावेची वाट बघत बसतो. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तो नुसता बसलेला आहे, पानंच्या पानं. मालाताईंनी ते कॅसेटवर कसं वाचलं सांगते. "महिपती नावेची वाट बघत बसला. नाव आली. मुलगी त्यात नव्हती." संपलं प्रकरण! माझा ऋषी तेव्हा कंप्युटरच्या क्लासला जायचा. तो म्हणाला, "मोठी काकू म्हणजे फास्ट फॉरवर्ड आहे." त्यांना ती शाबासकीच वाटली.

मी बोलले नाही असं नाही. "अहो, त्याला परीक्षा द्यायचीये त्यावर." तर म्हणे, "नमनाचं तेल मी काढून टाकते गं, नाटक तर सगळं ठेवते."

फेब्रुवारीत श्याम आला तोच उड्या मारत. त्याच्या सरांनी त्याच कादंबरीवर मोठा निबंध लिहायला सांगितला होता आणि निबंध चांगला उतरला तर संध्याकाळच्या कॉलेजात त्याला शिकवायला तास देणार होते. नाहीतर वडिलांनी निरोप धाडलाच होता, शिकून झालं, आता घरी ये. म्हणजे पोराचं पुण्यात राहणं या निबंधावर होतं. सोमवारी द्यायचा होता. तो सांगणार आणि मालाताई लिहून घेणार, असं ठरलं. मी मेथी निवडायला घेऊन तिथेच बसले.

श्यामनं घसा साफ केला. "लिहा काकू. 'या कादंबरीचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे तिची घाई.'"

मालाताईंनी लिहिलं. "पुढे?"

"'महिपती नावेची वाट बघतो असं लेखक सांगतो, पण वाचकाला वाट बघावी लागतच नाही. दुसऱ्याच वाक्यात नाव हजर, आणि मुलगी त्यात नाही. मग पुढच्या प्रकरणात हा बाप नदीकाठी वेड्यासारखा फिरतो, ते मनाला पटत नाही. घटना सगळ्या आहेत, पण एकही लागत नाही. या लेखकाला थांबता येत नाही.'"

पेन थांबलं. मी मेथीतून मान वर केली. मालाताईंचा चेहरा असा पांढराफटक मी भाऊजींच्या वेळेनंतर पहिल्यांदा बघत होते.

"थांबल्या काहून?" श्यामनं विचारलं.

"काही नाही रे. हात भरून आला. शनिवारी ये, मी नीट उतरवून ठेवते."

तो गेला आणि मी तोंड सोडलं. ज्या सरांना ती कादंबरी तोंडपाठ, त्यांच्यापुढे हा पोरगा जाऊन सांगणार की यात लेखक थांबतच नाही! हसतील त्याला सगळे. "आत्ताच्या आत्ता हाक मारा आणि सांगा," मी म्हटलं. मालाताईंनी कपाटातून ती कादंबरी काढली आणि खिडकीपाशी बसून वाचायला लागल्या. ओठ हलत होते. किती तरी वेळ एकच पान समोर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "मुक्ते, ते लोक म्हशीचं का विचारायचे ते आत्ता कळलं गं."

"कोण लोक?"

"फोनवरचे. अवेळी फोन आला म्हणजे काहीतरी झालंय, हे दोघांनाही ठाऊक असतं. पण एकाला सांगायला बळ लागतं आणि दुसऱ्याला ऐकायला. पाऊस झाला का, म्हैस व्याली का, असं विचारता विचारता ते येतं. मी त्यांना बावळट समजत होते. आणि नेमकं तोंडाशी आलं की मध्ये शिरत होते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "किती जणांच्या मध्ये शिरले गं मी!"

मला भडभडून आलं. कालचा माझा राग कुठल्या कुठे गेला. पण श्यामला सांगायचं तर होतंच, आणि ते त्यांनीच सांगायचं होतं.

शनिवारी तो आला. मालाताईंनी चहा टाकला आणि उकळू दिला, चांगला उकळू दिला. मग सुरू झाल्या. येरवड्याला पाणी वेळेवर येतं का? आईचे गुडघे कसे आहेत? तुमच्याकडे कापूस निघाला का यंदा? खोलीवर डास आहेत का? अहो, मी दाराशी उभी, माझाच जीव वरखाली. मलाच ओरडून सांगावंसं वाटत होतं, वेळ संपली!

श्याम सगळ्याची उत्तरं देत गेला, पण हळूहळू त्याचा आवाज खाली आला. त्यानं कप ठेवला. "काकू, काय झालं ते सांगा आता."

"श्याम, त्या लेखकाला थांबता येतं रे. मला येत नाही. नदीची, संध्याकाळची, महिपतीच्या वाट बघण्याची, सगळी पानं मी गाळली. तुला कंटाळा येईल म्हणून गाळली. पुस्तकभर तेच केलं. चुकलं रे माझं."

श्याम बोलला ते एकदम त्याच्या घरच्या बोलीत. "दिसत नाही म्हणून नदी नको का मले?"

मालाताईंनी पुस्तक मांडीवर ओढून घेतलं.

"कंटाळा आला असता तं आला असता. माझा कंटाळा तुम्ही काहून ठरवला? मी तं दुसरीच कादंबरी ऐकली ना जी." त्यानं काठी हातात घेतली. आता हा उठतो आणि परत कधी या दाराशी येत नाही, असंच मला वाटलं. पण तो उठला नाही. काठी दोन्ही हातांनी फिरवत बसला आणि मग म्हणाला, "पुस्तक हाय ना घरी? वाचा मग."

मी कोरी कॅसेट घातली. मालाताईंनी महिपतीचं प्रकरण काढलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

"'महिपतीनं पटका पुन्हा नीट केला. धोतराच्या सोग्यात बांधलेले पेरू चाचपून पाहिले. एक मऊ पडला होता, तो त्यानं बाजूला काढला. तिला कडक आवडत. पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यात उतरल्या...'"

म्हशी उतरल्या, म्हशी गेल्या. पलीकडे दिवा लागला. नाव सुटली. नावेत पांढरं काहीतरी दिसलं, महिपती उठून उभा राहिला, आणि जवळ आल्यावर ते पिठाचं पोतं निघालं. कुकरची शिट्टी झाली, पण मी बटण दाबायला विसरले. एकेक माणूस उतरत होतं. नावाडी दोर बांधत होता. श्यामनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"आली का जी ती?" तो एकदम म्हणाला.

त्याला माहीत होतं हो! आधीच्या कॅसेटवर ऐकलं होतं त्यानं, ती नव्हती म्हणून. निबंधात लिहिलंसुद्धा होतं. तरी विचारलं. मालाताईंनी पान उलटलं, एकच उलटलं, आणि वाचलं, "'मुलगी त्यात नव्हती.'"

श्याम रडला. मी रडले. मालाताईंचा आवाजही पुढे दोन ओळी फाटला, आणि ते सगळं कुकरच्या शिट्टीसकट त्या कॅसेटवर आहे.

आता एक आधीच सांगून टाकते. त्याचा निबंध सरांना आवडला, त्याला तास मिळाले आणि तो पुण्यातच राहिला. हे मी शेवटाला ठेवलं नाही, कारण शेवटाला ठेवण्यासारखं ते नाहीच. ठेवण्यासारखं त्या शनिवारीच घडलं, डोळे पुसून झाल्यावर.

"जुनं फाडा काकू. नवं घ्या," श्याम म्हणाला. मालाताईंनी कोरा कागद घेतला.

"'ही कादंबरी संथ आहे, आणि संथ आहे म्हणूनच ती रिकामी नाव आपल्याला सोसत नाही.' लिहिलं? आता पुढचं. 'पहिल्या खेपेला मी ही पानं गाळून वाचली होती, त्यामुळे मला हे कळलं नव्हतं.'"

मालाताईंनी पेन उचललं. "तू नाही गाळलीस, श्याम."

"लिहा जी."

"अरे, सर तुला आळशी म्हणतील."

"म्हणू द्या. तेव्हा तुमचे डोळे माझेच होते ना? मग चूकबी माझीच." त्यानं हात पुढे करून टेबल चाचपलं, कागदाची कड सापडल्यावर ती नीट धरून ठेवली, हलू नये म्हणून. "लिहा, काकू."

मालाताईंनी लिहिलं. 'मी' लिहायला त्यांना इतका वेळ लागला की मला वाटलं, पेनच संपलं. मग कागदावर टोक टेकवून त्या पुढच्या वाक्यासाठी थांबल्या. श्याम विचार करत होता. बाहेर भाजीवाला ओरडत आला आणि ओरडत गेला, मी पुन्हा टाकलेल्या चहावर साय धरली, तरी श्याम विचारच करत होता. मालाताईंनी एकदाही "पुढे?" म्हणून विचारलं नाही.