आकाराम वडिलांच्या बुडाखालचा दगड

आकाराम १९४६ साली पलटणीतून येरळेकाठच्या आमच्या गावात परतले. येताना त्यांनी एक ट्रंक, एक शिट्टी, काखेतली छडी आणि घसा खाकरायची एक खास पद्धत आणली. हुकूम सोडण्याआधी ते दोनदा खाकरत, एकदा बारीक आणि एकदा जाड. त्या दोहोंच्या मधल्या फटीत शहाणी माणसं परसाकडं निघून जात. इटलीत आपण पूल बांधले असं ते सांगत. त्यांच्याच कंपनीतला एक जण तासगावच्या बाजारात भेटला, तेव्हा कळलं की पूल दुसऱ्यांनी बांधले, ह्यांनी फावडी वाटली. पण फावडी वाटणाऱ्याचा आवाज मोठा लागतो. त्या आवाजावरच आमच्या ख्रिस्ती मंडळीनं त्यांना वडील निवडलं. वडील म्हणजे पाळकसाहेब नसताना प्रार्थना चालवणारा, मंडळीचा कारभारी.

मंडळी म्हणजे अकरा घरं आणि मातीचं एक प्रार्थनामंदिर. त्या श्रावणात झड लागली आणि मंदिराची मागची भिंत बसली. तीही भर प्रार्थनेत. आमच्यात एक शिस्त अशी, की दुसऱ्याची प्रार्थना चालू असता ‘आमेन’ होईतोवर बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. प्रार्थना वडिलांची होती. आमेन होऊन डोळे उघडले तेव्हा वडिलांच्या पाठीमागं नदी दिसत होती.

सांगलीहून पाळकसाहेब आले. छत्री मिटून पडझड पाहिली आणि म्हणाले, सुगीच्या उपकारस्तुतीच्या रविवारपर्यंत भिंत उभी राहिली तर ठीक, नाहीतर ही मंडळी पलीकडच्या गावच्या मंडळीत मिळवून टाकू. पलीकडचं गाव अडीच कोस. तिथं एक वडील आधीच होता, आणि त्याचाही आवाज मोठा होता. आकारामांना त्या रात्री भाकर गेली नाही.

उपकारस्तुतीच्या आधीच्या सोमवारी सकाळी शिट्टी झाली. वडिलांनी पाणी पलटण, चिखल पलटण आणि विटा पलटण अशा तीन पलटणी पाडल्या. जन्मभर पाणी वाहिलेल्या बायकांना घागर कशी धरावी ते दाखवलं. सयाजी गवंड्याला ओळंबा कसा सोडावा ते सांगितलं. मग खाकरले, बारीक आणि जाड.

“अमालेकाशी लढाई लागली तवा मोशे काय करत हुता? टेकडीवर हात वर करून उभा हुता. हात वर हाय तवर जीत, हात खाली आला की हार. तर मी हात वर करतो. तुमी लढा.”

आणि उकिरड्याच्या उंचवट्यावर, छडीसकट दोन्ही हात वर करून, ते उभे राहिले.

तासाभरात हात भरून आले. पण शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्याचीही सोय होती. मोशेचे हात दोघांनी दोन बाजूंनी धरले होते. वडिलांनी नाथाजी आणि अर्जुना ह्यांना वर बोलावलं. मंडळीतले सगळ्यात दणकट गडी हेच दोघे, म्हणून विटा पलटणीत उरले दोन म्हातारे आणि एक दम्याचा. मोशेच्या बुडाखाली दगडही दिला होता, म्हणून ह्या दोघांनी पडक्या भिंतीतला चांगला घडीव, सपाट दगड पाहून वर लोटत नेला. वडील त्यावर बसले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू झाली.

रोज सकाळी ती सुरू होई आणि दिवस मावळता संपे. कामापुरते डोळे उघडायची मुभा वडिलांनी दिली होती, तोंड उघडायची नाही. आदामापासून निघून दुपारपर्यंत ती आमच्या मंडळीत येई. मग एकेकाचं नाव. “हे प्रभू, तुझा दास सयाजी तंबाखू मळत लय बसतो. त्याला उठीव.” सयाजी ओळंब्याशी उभा राहून हे मान खाली घालून ऐके.

शनिवारी सकाळी, प्रार्थना सुरू झाल्यावर, भिंत एका टोकाकडून चढत दुसऱ्या टोकाशी आली आणि थांबली. तिथं जुना कोपऱ्याचा दगड बसवायचा होता. दोन्ही भिंतींना बांधून धरणारा तेवढा एकच. सयाजीनं ढिगारा उपसला, नदीपर्यंत शोधलं. शेवटी त्यानं वर उंचवट्याकडं पाहिलं.

आता सांगायचं कसं? प्रार्थना चालू. सयाजीनं खालूनच मोठ्यानं “आमेन” म्हटलं. मग चिखल पलटण म्हणाली, मग पाणी पलटण. एवढी भक्ती ऐकून वडिलांना हुरूप आला, आणि त्यांनी पलीकडच्या मंडळीसाठी मागायला सुरुवात केली. दुपारपर्यंत असे चौदा आमेन वाया गेले. नाथाजी आणि अर्जुना हात धरून धरून उभ्यानं पेंगत होते.

मग धोंडुबाई उठली. ही आकारामांची चुलती. आई गेल्यावर हिनंच त्यांना वाढवलं. गुडघ्यानं अधू, पण बसल्या जागी चिखलातले खडे वेचत होती. काठी टेकत ती उंचवटा चढली आणि आमच्या मंडळीत कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं. प्रार्थनेच्या मध्येच बोलली.

“आकारामा, मोशेच्या खालचा धोंडा लढाईला लागत नव्हता. तुझ्या खालचा लागतोय.”

वडिलांनी एक डोळा उघडला. खाली भिंत दिसली आणि तिचा मोकळा कोपरा दिसला.

“ऊठ लेकरा,” ती म्हणाली. “अडीच कोस जायाजोगं माझं गुडघं ऱ्हायलं न्हाईत.”

ते उठले. हातांना मुंग्या आल्या होत्या, छडी कुठं पडली ते त्यांनी पाहिलं नाही. दगड उचलायला चार माणसं लागत. सयाजी वर आला, नाथाजी आणि अर्जुना होतेच, तिघे झाले. चौथा शोधायला वडिलांनी सवयीनं इकडंतिकडं नजर टाकली. म्हातारे खाली होते. मग ते स्वतःच वाकले. वाकताना बारीक खाकरले. जाड खाकरणार तोच वजन मनगटांवर आलं आणि हुकूम घशातच राहिला. दगड खाली आणून बसवताना सयाजीनं, “वडील, उलीसं डावीकडं,” म्हटलं आणि वडील उलीसं डावीकडं सरकले. संध्याकाळी त्यांच्या धोतराला कुणाच्याही धोतराइतकाच चिखल होता.

रविवारी पाळकसाहेबांनी भिंतीवर छत्री ठोकून पाहिली. जराशी कलली होती, पण हलली नाही. मंडळी इथंच राहील म्हणाले, आणि विचारलं, काम कुणी चालवलं? सगळ्यांनी सवयीनं वडिलांकडं पाहिलं. ते उभे राहिले. बारीक खाकरले, जाड खाकरले.

“कोपऱ्याचा दगड मी दिला,” ते म्हणाले. सयाजीनं तोंडातली तंबाखू गिळली. मग वडील खालच्या आवाजात म्हणाले, “चुलतीनं उठवल्यावर.”

पुढंही ते बोलणार होते. तोंड उघडलंच होतं. पण पहिल्या ओळीतून धोंडुबाई म्हणाली, “आमेन,” आणि ह्या वेळी ते खाली बसले.