मुख्यांत की मुक्यांत

“मॅडम, इथं टायपिंगची चूक दिसतेय. दुरुस्त करू?” आमची डीटीपी ऑपरेटर शबाना म्हणाली. स्क्रीनवर ओळ होती: ‘मुक्यांत तुझ्यासारखा कोण?’

मलाही चूकच वाटली. एझ्रा सरांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ होतं. सर छावणी भागात राहणारे, निवृत्त शिक्षक. बेने इस्राएली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू. मध्ययुगातल्या हिब्रू विलापगीतांचा त्यांनी थेट मराठीत अनुवाद केला होता. मी कॉपी एडिटर. छापायच्या आधी शब्दन्‌शब्द तपासायचा आणि शंका आली की लेखकाला विचारायचं, हे माझं काम. सर डायलिसिसला होते, म्हणून मी दवाखान्यातच गेले.

“चूक नाही, बाई,” सर म्हणाले. “आमच्या प्रार्थनेत देवाला म्हणतात, मुख्यांत, म्हणजे बलवानांत, तुझ्यासारखा कोण? हिब्रूत बलवान म्हणजे ‘एलीम’. या कवीच्या गावात दंगल झाली, घरंच्या घरं कापली गेली. त्यानं त्या शब्दात हिब्रूतलं एकच अक्षर घातलं. ‘इल्लेमीम’. म्हणजे मुके.”

“म्हणून मुख्यांतचं मुक्यांत?”

“जुने कवी असंच करायचे. धर्मग्रंथातली ओळ जशीच्या तशी उचलायची आणि एका जागी वाकवायची. ऐकणाऱ्याला मूळ ओळ पाठ असायची. त्याच्या काळजात बरोबर रुतायचं.”

मशीनचा आवाज येत राहिला. मग ते हळूच म्हणाले, “माझी लेक गेली तेव्हा मी ही प्रार्थना रोज म्हणत होतो. ओठांवर एक शब्द, आत दुसरा. हे गीत सापडलं तेव्हा वाटलं, चला, कुणीतरी बोललं.”

ऑफिसात आमचे मालक काळेसाहेब तयार होईनात.

“देवाला मुका म्हणायचं? उद्या कुणी काचा फोडल्या म्हणजे?”

“साहेब, खाली टीप टाकू. अर्थ समजावून सांगू.”

“टीप कोण वाचतं हो? उगं झंझट नको. मुख्यांत करा.”

मी सरांना फोन केला. “मग ते गीतच काढा,” ते म्हणाले. “पण ओळ बदलू नका.” गीत काढायचं तर सगळ्या पुस्तकाची पानं पुन्हा लावावी लागणार होती. साहेब बघू म्हणाले आणि काम पडून राहिलं. तेवढ्यात सर गेले.

दुःखाचे दिवस सरल्यावर त्यांचा मुलगा पुण्याहून आला. मी त्याला सगळं सांगितलं, सरांचं शेवटचं बोलणंही. त्यानं प्रूफमधली ती ओळ वाचली.

“मॅडम, नाव पप्पांचं आहे, पण आता लोक माझ्या दारात येतील. मला लहान मुलं आहेत. बदला. गीत राहू द्या, त्यांनी लई कष्ट घेतलेत त्यावर.”

त्याचा राग करावा असं काही मला सापडलं नाही. शबाना जागेवर नव्हती. बदल मीच केला.

पुस्तक निघालं. थोड्याच दिवसांत छावणीतून एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. “सरांनी हे गीत आम्हाला वाचून दाखवलं होतं. तिथं मुक्यांत होतं ना?”

“हो,” मी म्हणाले.

“बरं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

लेखकाच्या संमतीशिवाय शब्द बदलणार नाही, असं कलम आमच्या करारात असतं. लेखक गेला की ती संमती वारसाची होते. नवा लेखक सही करायला बसला की हे कलम मी आता मोठ्यानं वाचून दाखवते. बहुतेक जण ऐकत नाहीत.