बावीस तासांचं चार्जिंग

रोझेला डेगल एकाहत्तर वर्षांची झाली तरी बंद पडलेलं यंत्र दिसलं की तिचा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जायचा. चाळीस वर्षं तिने आणि तिच्या नवऱ्याने, क्लोव्हिसने, सेंट जॉन नदीकाठी लाकूडतोड्यांच्या करवती, पंप आणि बर्फ उपसायची यंत्रं दुरुस्त केली. पाटीवर नाव क्लोव्हिसचं असायचं, पण गिऱ्हाईक आत येऊन विचारायचं, "रोझेला आहे का?" क्लोव्हिस गेल्यावर तिने गावातलं घर विकलं आणि तळ्याकाठच्या लाकडी कॅम्पवर, म्हणजे सुट्टीपुरत्या बांधलेल्या छोट्या घरात, राहायला गेली. विजेचे खांब कॅम्पच्या अकरा मैल अलीकडेच संपतात. लोकांनी तिला वेड्यात काढलं. तिने लाल रंगाचा एक छोटा जनरेटर ओसरीखाली ठेवला आणि लोकांचं बोलणं कानाआड केलं.

एक गोष्ट मात्र या बाईला जन्मात जमली नाही, आणि ती म्हणजे तोंडाने मागणं. "बस", "थांब", "राहा" हे शब्द तिच्या माहेरी कुणी वापरत नसत. पाहुण्याच्या ताटलीत दुसरा प्लॉय, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं, पडला की त्याने समजून घ्यायचं, आपण हवे आहोत.

मुलगा जोएल तीनशे मैलांवर पोर्टलंडला असायचा. पूर्वी तो डिझेलच्या ट्रकने यायचा आणि इंजिन चालूच ठेवायचा. कॉफी उभ्याउभ्या प्यायचा. "आई, निघतो गं. अंधाराआधी हायवे गाठायचाय." अर्ध्या तासात धूळ उडालेली असायची, आणि रोझेला त्याच्या कपातली उरलेली कॉफी सिंकमध्ये ओतताना उगाचच नळ जोरात सोडायची.

मग त्याने विजेची गाडी घेतली. पहिल्या खेपेला थंडीने बॅटरी अशी काही खाल्ली की कॅम्पवर पोचेपर्यंत काट्यावर सात टक्के उरले. पुढचा चार्जर नव्वद मैलांवर, प्रेस्क आइलला, असं जोएल म्हणाला. गाडीची वायर जनरेटरला लावली, तर लाल दिवा. पुन्हा लावली, पुन्हा लाल.

जळाऊ लाकडं टाकायला आलेला रेजी मिशो पोट धरून हसला. "मावशी, हिला आता घोडा जुंपा!"

"घोड्याला तुझ्यापेक्षा अक्कल जास्त असते," रोझेला म्हणाली आणि गुडघ्यावर बसली.

तासाभरात तिने रोग ओळखला. जनरेटर चांगला होता, गाडीच संशयी होती. न्यूट्रल आणि अर्थिंग कुठेतरी जोडलेले आहेत याची खात्री पटल्याशिवाय ती वीज घेणार नव्हती, आणि छोट्या जनरेटरमध्ये ते जोडलेले नसतात. रोझेलाने जुना प्लग उघडला, आत दोन्ही एका तारेने जोडले आणि तो जनरेटरच्या दुसऱ्या भोकात खुपसला. लाल दिवा हिरवा झाला.

"झालं. ताशी चार मैल," ती म्हणाली.

जोएलने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बावीस तास?"

"म्हणजे बावीस तास."

तेव्हापासून महिन्याचा एक शनिवार तिचा झाला. दुपारी बाराला गाडी लावायची, ती रविवारी सकाळी दहाला निघायची. मधल्या वेळात दोघं पत्ते खेळायचे, ती राजरोस लबाडी करायची आणि तो ती पकडून आरडाओरडा करायचा. जेवण झालं की जनरेटरच्या घरघरीत तो सोफ्यावर झोपून जायचा. पेट्रोल भरायला तिने यंत्र बंद केलं की एकदम शांत व्हायचं आणि आतून त्याचं घोरणं ऐकू यायचं. अगदी क्लोव्हिससारखं. पेट्रोल भरून झाल्यावरही ती थोडा वेळ तशीच बसून राहायची, यंत्र गार व्हायला हवं म्हणून.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मात्र घोटाळा झाला. कॅम्पवर तळ्याच्या धक्क्यावर उभं राहिलं तरच फोन लागतो. जोएल तिथून बायकोशी बोलत होता आणि वाऱ्याने एक वाक्य ओसरीपर्यंत आणून टाकलं.

"काय करू मग? गाडी भरेपर्यंत अडकलोय इथे."

अडकलोय. हा शब्द रोझेलाच्या जिवाला लागला. तिला स्वतःचीच शरम वाटली. पोरगं लाजेकाजेस्तव बसतंय आणि आपण यंत्र गार करत बसतो!

तिने कुणाला काही सांगितलं नाही. शेडमध्ये ताडपत्रीखाली क्लोव्हिसचा मोठा, चाकांवरचा जनरेटर दहा वर्षं पडून होता. तो तिने ओढून काढला. कार्बोरेटर खोलला, रिंगा बदलल्या, दोनशे चाळीस व्होल्टचं सॉकेट नवं बसवलं. बर्फ वितळेपर्यंत ते धूड गुरगुरायला लागलं. त्यात न्यूट्रल आणि अर्थिंग आधीच जोडलेले होते, त्यामुळे तिच्या प्लगचीही गरज उरली नाही.

मेमध्ये जोएल आला. तिने झोकात वायर लावून दाखवली. "पाच तास! आता अडकायला नको तुला."

तो गाडीकडे बघत राहिला. "वा," म्हणाला. "भारीच केलंस की आई."

पाचच्या ठोक्याला गाडी तयार होती. पत्त्यांचा डाव अर्धाच राहिला. तो गेल्यावर रोझेलाने त्याचे पत्ते उलटून पाहिले. तो जिंकत होता. तिने ते तसेच टेबलावर राहू दिले.

पुढच्या आठवड्यात रेजी लाकडं घेऊन आला. मोठा जनरेटर पाहून त्याने भुवया उंचावल्या. "एवढा खटाटोप कशाला, मावशी? गावात किराणा दुकानासमोर जोरदार चार्जर आहे की. अर्ध्या तासात गाडी भरते."

"कधी बसवला?"

"दोन वर्षं होतील. जोएलला चांगला ठाऊक आहे, मीच दाखवला होता. त्याच्यासमोरूनच तर येतो तो दर वेळी."

रोझेला लाकडांच्या ढिगावर बसली. गाव तीस मैलांवर. म्हणजे जोएल तो चार्जर डोळ्यांनी बघत पुढे यायचा. मुद्दाम रिकामी गाडी घेऊन यायचा. बायकोला सांगायला त्याला अडकणं हवं होतं, आणि आपण ते दुरुस्त करून ठेवलं! त्यालाही मागता येत नव्हतं. आईवरच गेला होता. तिला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि रेजी बिचारा गडबडून लाकडं मोजायला लागला.

जूनच्या शनिवारी तिने मोठ्या जनरेटरचा स्पार्क प्लग काढून पिठाच्या डब्यात लपवला. छोटा लाल जनरेटर ओसरीवर आणला, पुसला, आपला जुना प्लग त्यात खुपसला. कुट्टूचं पीठ भिजवलं. मग खुर्ची ओढून रस्त्याकडे कान लावून बसली. या गाडीची मोठी खोड म्हणजे तिला आवाज नाही. खडी वाजली की समजायचं, आला. ती महिनाभर त्या खडीसाठी झुरली होती.

खडी वाजली. ती लगबगीने पायऱ्या उतरली.

"मोठा बिघडलाय," तिने आधीच सांगून टाकलं. "छोट्यावर लावावी लागेल. बावीस तास."

जोएल खाली उतरला. "लावायची गरज नाही, आई. गावातूनच भरून आणली. तुला एवढा त्रास झाला, हिवाळाभर राबलीस, मला कसंतरीच वाटलं."

तिने काचेतून वाकून पाहिलं. चौऱ्याऐंशी टक्के. लाल जनरेटर ओसरीवर चकचकीत पुसून ठेवला होता, आणि आता तिच्या वतीने बोलायला कुणीच नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली. ते पुरेसं नव्हतं, तिलाही कळत होतं. तो गाडीच्या दाराशी उभा होता, किल्ली अजून हातात.

"जोएल." तिचा आवाज चिरकला. "गाडी भरलेली असली तरी राहा. मला हवायस तू."

जोएलने आत जाऊन किल्ली टेबलावर, मेपासून तशाच पडलेल्या पत्त्यांशेजारी ठेवली, बाहेर येऊन ओसरीच्या पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.