दादूसचा भरलेला ग्लास

दारू सोडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणी माळ घालून सोडली, कुणी बायकोने झोडपल्यावर सोडली, कुणी सरणावर चढल्यावर सोडली. पण भरलेला ग्लास हातात धरून, पिणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून तीन-तीन तास बसायचं आणि एक थेंब ओठाला लागू द्यायचा नाही, असं नऊ वर्षं करणारा माणूस ठाण्याच्या खाडीपासून आंबिवलीपर्यंत एकच झाला. तो माझा मेहुणा. माझ्या बायकोचा थोरला भाऊ. ती त्याला दादूस म्हणायची म्हणून मीही दादूसच म्हणायचो, आणि आमच्या कोळ्यांत अहो-जाहोची पद्धत नाही म्हणून तूच म्हणायचो. मनातून मात्र मी त्या माणसाला वचकून असायचो, हे आता लिहायला हरकत नाही.

दादूस तरुणपणी बोटीवर खलाशी होता. ऐंशीच्या आगेमागे त्यांची बोट अमेरिकेच्या कुठल्यातरी बंदरात दुरुस्तीला महिनाभर अडकली. जन्म खाडीत गेलेला माणूस, जंगल कधी पाहिलेलं नाही. हा हाफ पँट घालून कमरेएवढ्या गवतात हरणं बघायला गेला आणि तिथे त्याला गोचीड चावली. मग मांडीवर लाल चट्टा उठला, बांगडीसारखा गोल. तिथल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, एक चिठ्ठी लिहून दिली आणि बजावलं, तीन आठवडे गोळ्या घे, तोवर दारू बंद. दादूसने चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आणि गोळ्या समुद्रात फेकल्या. का, तर दोन दिवसांनी बोटीवरच्या एका दोस्ताचा वाढदिवस होता. जन्मातली एवढी मोठी चूक, पण सांगायचा अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, गोळ्या खाणारे सगळे येडे.

घरी आला आणि काही महिन्यांत एकेक गुडघा शहाळ्याएवढा सुजायला लागला. अंगात ताप, हातपाय गळालेले. एक डॉक्टर म्हणाला संधिवात. एका वैद्याने तेल दिलं, त्याला तीन महिने मेलेल्या बोंबलाचा वास यायचा, आणि हे कोळीवाड्यातले लोक सांगतात म्हणजे बघा. आमची सासू म्हणाली, कुणीतरी करणी केली. शेवटी ठाण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरने विचारलं, "परदेशात काही चावलं होतं का?" दादूसने पेटीतली चिठ्ठी काढून दिली. डॉक्टरने ती वाचली आणि खुर्चीतून उठलाच. आजाराचं नाव लाइम. पुस्तकात वाचलेला, डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होता. शेजारच्या दोन दवाखान्यांतले डॉक्टर बोलावून आणले. तिघे मिळून दादूसचा गुडघा बघत होते आणि दादूस खुर्चीत असा बसला होता, जणू त्याची हळद चाललीय.

त्या दिवसापासून त्याची मान ताठ झाली. ठाणे जिल्ह्यात हा आजार फक्त आपल्याला आहे, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तबेलेवाला म्हणाला, "माझ्या म्हशींना रोज पन्नास गोचिडी चावतात, त्या कुठं लंगडतात?" तर दादूस शांतपणे म्हणाला, "त्या अमेरिकेला जेल्या व्हत्या काय?" गोचीड केवढी होती ते दाखवायला त्याने काड्यापेटीत एक काळा तीळ ठेवला होता. लोक पेटी उघडून बघायचे आणि दचकायचे. एका संक्रांतीला माझ्या बायकोने तो तीळ उचलून लाडवांच्या परातीत टाकला. दादूसने त्या वर्षी एकही लाडू खाल्ला नाही.

महिनाभर इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाला, आजाराचे किडे मेले, पण गुडघ्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं. "आणि दारू?" दादूसने विचारलं. डॉक्टर म्हणाला, "प्यायलात तर काय होईल ते मी सांगत नाही. तुमचा गुडघाच सांगेल." दादूसने त्याच आठवड्यात गुडघ्याला विचारून बघितलं. एक ग्लास प्यायला आणि चार दिवस आडवा झाला. ताप, सूज, डोक्यात धुकं, स्वतःच्या पोरीचं नाव आठवेना. पुन्हा एकदा बघितलं, पुन्हा चार दिवस. सगळ्यांचं असं होतं का मला माहीत नाही, त्याचं व्हायचं. एका ग्लासला चार दिवस, हा त्याचा भाव ठरून गेला. तरी तो पीतच होता.

मग नारळी पुनव आली. माझ्या बायकोने त्याला राखी बांधली. तो खिशात हात घालतोय तोच ती म्हणाली, "मना लुगडं नको, पैसं नको. तुझा ग्लास दे."

"ग्लास कसा देऊ बाय? हळदीला ग्लास फिरवला तर लोक बोलतील, वैर धरलंय."

हे खरं होतं. आमच्याकडे हळदीला हातात दिलेला ग्लास परत करणं म्हणजे त्या घराला तोंडावर शिवी. बायकोने राखीची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "मग हातात धर. वाडवडलांना दोन थेंब सोड. पण तोंडाला लावलंस तर तुना मी मेली."

बस. तिथून नऊ वर्षं.

कुठल्याही हळदीला दादूस सगळ्यांत आधी ग्लास घ्यायचा. दोन बोटं बुडवून थेंब जमिनीवर सोडायचा आणि मग तो ग्लास हळद संपेपर्यंत हातात. नुसत्या वासावरून सांगायचा, गूळ जुना होता, नवसागर जास्त पडलाय, ही पिऊ नका. एकदा त्याच्या सांगण्यावरून अख्खं पिंप ओतून टाकलं, आणि तीच दारू दुसऱ्या पाड्यात प्यायलेले तिघे दवाखान्यात गेले. गुडघा बरा असला तर भरलेला ग्लास डोक्यावर ठेवून नाचायचा. मी खाली बसून बघायचो, एक थेंब सांडायचा नाही. पोरं चिडवायची, "दादूस, ग्लासला लगीन लावून ठेवलंस काय?" तो म्हणायचा, "लगीन नाय रं. मोडलेली सोयरीक हाय. नुसती बघतो." मी शेजारी बसून माझा तिसरा ग्लास संपवत असायचो आणि मला स्वतःची लाज वाटायची. तेवढी लाज पुढचा ग्लास भरेपर्यंतच टिकायची, ते सोडा.

आम्ही तेव्हा खाडीकाठच्या दिवा गावात राहायचो. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या दादूसला चढवत नसत, म्हणून तो ठाण्याहून होडी वल्हवत खाडीतून यायचा. पाय गेले तरी हात शाबूत होते. भरती धरून यायचा, ओहोटीला परत. येताना बहिणीला प्यायच्या पाण्याचे दोन कॅन आणायचा, कारण दिव्यात नळाला पाण्यापेक्षा वारा जास्त.

मग माझी बायको गेली. पोटाचं दुखणं होतं, दोन महिन्यांत संपलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तेराव्यानंतर माणसं पांगली आणि मी दुपारपासूनच बाटली उघडून बसायला लागलो. डोंबिवलीच्या कारखान्यातली नोकरी सुटायच्या बेताला आली. शेजारी आत डोकवायचे बंद झाले. मला संपायचंच होतं, स्पष्ट सांगतो.

एका दुपारी दादूस आला. फडताळातला दुसरा ग्लास काढला, माझ्यासमोर ठेवला. मी भरला. मला वाटलं, नेहमीसारखा धरून बसेल. त्याने बोटं बुडवली, बहिणीच्या नावाने दोन थेंब सोडले आणि ग्लास एका दमात रिकामा केला. नऊ वर्षांनी. मला वाटलं, त्याचं दुःख आहे, पिऊ दे. मी दुसरा भरला, त्यानेही ग्लास पुढे केला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तापाने डोळे लाल, भिंतीला धरून चालत होता. पुन्हा तेच. मी जितके भरले तितके त्याने भरून घेतले.

तिसऱ्या दिवशी तो घरापर्यंत आलाच नाही. खाडीवरून हाक आली. मी बाटली आणि ग्लास घेऊनच काठावर गेलो. होडीत तो पाय पसरून बसला होता. दोन्ही गुडघे पातेल्यासारखे फुगलेले, कातडी चकचकीत ताणलेली. तसाच तो ठाण्याहून वल्हवत आला होता. त्याने ग्लास पुढे धरला.

"ओत."

"दादूस, मरशील."

"तू ओततोस ना तुना? मग मनाबी ओत. तू जितके घेशील, तितके मी घेनार."

"अरे बायकोला माझ्या तू शब्द दिलेलास! राखीचा!"

"दिलेला," तो म्हणाला. "ती वर विचारील, शब्द का मोडलास? मी सांगन, तुझा नवरा एकटाच बुडत व्हता, मी नुसता काठावरून बघू काय?"

मी होडीत उतरलो. दोघांचे ग्लास भरले. तिच्या नावाने थेंब सोडले. आणि मग काय करावं कळेना म्हणून मी ग्लास नुसता हातात धरला. तोही धरून बसला, माझ्याकडे बघत. माझा हात तोंडाकडे वळला की त्याचाही वळायचा. मी खाली घेतला की तोही घ्यायचा. असे आम्ही दोघे म्हातारे होऊ घातलेले बाप्ये, भर उन्हात, भरलेले ग्लास घेऊन, भरती उतरेपर्यंत बसलो. चिखलावर बगळे आले. शेवटी मीच म्हणालो, "ओहोटी लागली दादूस. चल, मी वल्हवतो." दोन्ही ग्लास खाडीत गेले. तो एकवीस दिवस अंथरुणात होता. त्याचे गुडघे मी शेकले, तेल मी चोळलं, आणि त्याने मला तेवढे दिवस काड्यापेटीतल्या तिळाची गोष्ट रोज नव्याने सांगितली.

आता दादूसही नाही. हृदय बंद पडून गेला, लाइमने नाही. ते कळलं असतं तर त्याला थोडं वाईटच वाटलं असतं. मला हळदीला बोलावतात तेव्हा मी ग्लास घेतो, परत करत नाही. दादूसची नातवंडं विचारतात, आजा, तू पीत का नाय, तुझे गुडघे तर चांगले हायत. चांगले आहेत खरे. मी दोन थेंब तिच्या नावाने सोडतो, दोन त्याच्या. मग मान वर करून समोर बघतो. तिथे कुणी नसतं. तरी मी ग्लास खालीच धरून ठेवतो, कारण माझा वर गेला की त्याचाही जाईल.