पाटीवरची शेवटची रेघ

या माणसाशी लग्न केलं आणि गरम जेवण कशाशी खातात हे बाई विसरूनच गेली. नवरा लढाऊ विमानांच्या तुकडीचा प्रमुख. युद्धात त्याचा एक नियम होता, वर गेलेलं शेवटचं विमान उतरेपर्यंत घास तोंडात घालायचा नाही. पाटीवर खडूने एकेका विमानाची रेघ ओढायची, उतरलं की पुसायची. एकदाच भूक आवरली नाही म्हणून तो आधी जेवला, आणि नेमकी त्याच दिवशी आठ गेली अन् सात आली.

युद्ध संपलं. पोटापाण्यासाठी तो बस डेपोचा मॅनेजर झाला, तर तिथेही पाटी! एखादी बस पंक्चर होऊन अडकली की याचा डबा तसाच घरी परत. "अहो, बस आहे ती, तिच्यावर कोणी तोफा डागत नाही," हे सांगून बायकोच्या तोंडाला फेस आला. तो निवृत्त झाला तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची. कसलं काय! पाटी स्वयंपाकघरात आली आणि आता रेघ तिच्या नावाची. भाजी आणायला गेली तरी रेघ.

त्यात याला मधुमेह. इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. एक दिवस तिचं डोकं फिरलं. एकच्या बसने येते, पण तुम्ही जेवून घ्या, असं सांगून ती बहिणीकडे गेली. तिथे पोटभर जेवली, एकची बस मुद्दाम सोडली आणि तीनला घरी आली. म्हटलं, बघूच कसा जेवत नाही ते.

दोन्ही ताटं झाकलेली. तो खुर्चीत घामाने डबडबलेला, हात थरथरतायत. इंजेक्शन मात्र शहाण्याने साडेबाराच्या ठोक्याला घेतलेलं. साखरेचं पाणी पाजता पाजता तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, की जिवावर उठलाय का, माणूस आहात की दगड, आणि बोलता बोलता ती रडायलाच लागली.

जरा हुशारी आल्यावर तो भिंत धरून उठला, रेघ पुसली आणि ताटावर बसला.

"तू जेवलीस?" त्याने विचारलं.

तिच्या पोटात तिळाएवढी जागा नव्हती.

"नाही," ती म्हणाली आणि चरफडत दुसऱ्यांदा जेवायला बसली.