सासूबाईंच्या मांडीवरचा पाय

लेकीचा पाय कबड्डी खेळताना मुरगळला, म्हणून आज आंबेहळद उगाळली आणि त्या वासासरशी काळेवाडीची आमची जुनी खोली आठवली.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. चाकणहून शिफ्ट संपवून येताना, कंपनीच्या बसमधून उतरताना माझा घोटा आत वळला. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. पण घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना बांधून ठेवणारे तीन पट्टे असतात, त्यातला पुढचा फाटलाय. पाय टेकवू नका."

घरी सासूबाईंनी माझा सुजलेला पाय मांडीवर घेतला. मी संकोचून मागे ओढला. "आई, पायाला हात नका लावू."

"गप बस," लेप लावत त्या म्हणाल्या. "माजा असाच मुरगळला व्हता, तुज्याच वयात. कुनी बघितलाबी न्हाई."

सासूबाई वयामुळे लंगडतात, असंच मी तोवर समजत होते.

पाय बरा होईपर्यंत त्यांनी मला कामावर जाऊ दिलं नाही. कंत्राटी नोकरी गेली, तेव्हा मी त्यांच्यावर चिडून रडले. पुढे दुसरी मिळाली. पण तितके दिवस पाणी भरायला आपल्या दुखऱ्या पायानं जिना उतरून सासूबाईच जात होत्या.