रायमुनियाच्या मुळाशी

सुभद्राबाई गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. त्यांचा मुलगा रमेश वाडीला एका गोदामात कामाला आहे. तो सायकलनं घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "माय गेली, सायेब. झोपीतच गेली... तुमाले सांगा लागते म्हनून आलो."

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. हिंगण्यापलीकडच्या एका राखीव जंगलात मी रेंजर होतो आणि सुभद्राबाई तिथे रोजंदारीवर होत्या. जंगलातल्या मोठ्या कुरणावर रायमुनिया माजला होता. हे काटेरी, रंगीत फुलांचं झुडूप एकदा पसरलं की खाली गवताचं पातं येऊ देत नाही. गवत नाही म्हणून चितळं आसपासच्या तुरीत शिरायची, आणि सुभद्राबाईंचं गाव त्यापायी जेरीला आलं होतं. आम्ही दर हिवाळ्यात झुडपं छाटायचो, जाळायचो; पावसाळा सरेपर्यंत ती दुपटीनं उभी. शेवटी वरून निरोप आला, पुढच्या पावसाळ्यानंतरही कुरण मोकळं दिसलं नाही तर तिथे निलगिरी लावा. मग गवत कायमचंच गेलं असतं.

त्या हिवाळ्यात मुकादमानं तक्रार आणली की ही बाई काम सोडून बसून राहते. जाऊन पाहिलं तर त्या खरंच बसल्या होत्या. समोर उपटलेलं झुडूप, हातात विळा, नजर मुळावर. काय चाललंय विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं, "हे पुन्हा काहून फुटते, सायेब? तुमी त शिकलेले आहा." जमीन, ओल, असं काहीबाही बोललो. ते त्यांना पटलं नाही, आणि खरं तर मलाही.

मुकादमाला म्हटलं, बसू दे त्यांना. सुभद्राबाईंनी आठ-दहा झुडपं वेगवेगळ्या जागी कापली, कुठे जमिनीलगत, कुठे मातीखाली, आणि प्रत्येकाला वेगळ्या लुगड्याची चिंधी बांधली. दोन महिन्यांनी बोलावून दाखवलं. मातीखाली खोड संपून मूळ सुरू होतं तिथे एक गाठ असते; तिच्याखाली कापलेली झुडपं तेवढी फुटली नव्हती. कापलेलं झुडूप मुळं वर करून पालथं टाकलं तर ते पुन्हा जमीन धरत नाही, हेही त्यांनीच हेरलं. मग साऱ्या मजुरांनी तसंच काम केलं. आपल्या शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवताचं बी सुभद्राबाईंनी ओच्यातून आणून मोकळ्या जागेत फेकलं.

पावसाळा सरल्यावर मोठे साहेब पाहणीला आले, तेव्हा कुरणात गुडघाभर गवत होतं. मी त्यांना सगळी पद्धत समजावली. सुभद्राबाई दहा पावलांवर उभ्या होत्या, आणि मी त्यांचं नाव घेतलं नाही. जीप गेल्यावर त्या जवळ आल्या. आता ऐकवतील, असं वाटलं.

"नाव नाई घेतलं, राहू द्या," त्या म्हणाल्या. "पन तुमी खोल खोदा म्हनलं, ते चुकीचं सांगतलं. खोल नाई. गाठीच्या खाली, बस."

त्याच संध्याकाळी मी साहेबांना दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि पहिल्याच ओळीत सुभद्राबाईंचं नाव घातलं. निलगिरी टळली. पुढच्या दोन हिवाळ्यांत चितळांचा कळप कुरणात चरायला लागला, आणि दुसऱ्या जंगलांतले गार्ड सुभद्राबाईंकडे शिकायला येऊ लागले.

गेल्या महिन्यात रमेशसोबत त्यांच्या गावी जाऊन आलो. त्यांच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली फळीवर बियांचे डबे ओळीनं होते. वाचता येत नसल्यानं प्रत्येक डब्याला त्या-त्या गवताची वाळकी काडी बांधलेली. सुनेनं कोपऱ्यातली एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "आत्याबाईले हे ओळखू नाई आलं. सायेब आले की इचारीन म्हनत होत्या."

पुडी उजेडात नेली, बी तळहातावर पसरून पाहिलं. मलाही ओळखता आलं नाही. चिमूटभर बी घरी आणून कुंडीत पेरलंय. कोंब आलेत, पण पातं अजून बोटभरच आहे... एवढ्यावरून काही सांगता येत नाही.